भगिनी-शहर : ठरावातली मैत्री आणि पाणवठ्यावरची मैत्री

एका देशातल्या शहराने दुसऱ्या देशातल्या शहराशी लेखी करार करून मैत्री जाहीर करायची, या प्रथेला इंग्रजीत ‘सिस्टर सिटी’ म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांनी त्याचे ‘भगिनी-शहर’ केले. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली; खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा आणि आसपासची गावे तिच्यात आली. तेव्हापासून आमच्या महाविद्यालयातली मुले मला अधूनमधून विचारतात की, मुंबईला योकोहामा आहे, पुण्याला ब्रेमेन आहे, मग पनवेलला कोण? मुले हा प्रश्न थोड्या थट्टेने विचारतात. मला तो थट्टेचा वाटत नाही. ‘शहराची मैत्री’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘शहर’ या शब्दात कोण कोण येते, हे त्या प्रश्नात दडलेले आहे. ज्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या गावात धरली गेली नाही, त्यांनी तरी हा प्रश्न नुसता हसून सोडून देऊ नये.

म्हणून या लेखात मी दोन गोष्टी करणार आहे. ही प्रथा आली कुठून आणि चालते कशी, ते आधी सांगतो. आपल्या चळवळीने तिच्याकडे कसे पाहावे, ते त्यानंतर.

१

ही प्रथा दुसऱ्या महायुद्धाने जन्माला घातली. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी इंग्लंडमधले कॉव्हेंट्री हे कारखान्यांचे शहर उद्ध्वस्त केले. दोन वर्षांनी रशियातल्या स्टालिनग्राडची त्याहून भयंकर दशा झाली. तेव्हा कॉव्हेंट्रीच्या बायकांनी स्टालिनग्राडला एक टेबलावर अंथरायचे कापड पाठवले. त्या कापडावर सुमारे ८३० बायकांची नावे सुईदोऱ्याने भरलेली होती. १९४४ साली या दोन शहरांचे नाते अधिकृत झाले. पुढे १९५९ साली याच कॉव्हेंट्रीने जर्मनीतल्या ड्रेस्डेनशी मैत्री केली. ड्रेस्डेन हे फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी जाळलेले शहर. ज्यांनी आपल्याला जाळले आणि ज्यांना आपण जाळले, त्यांच्याशी मैत्री करण्याचा हा प्रयत्न होता. १९५० साली फ्रान्समधले मोंबेलियार आणि जर्मनीतले लुडविग्सबुर्ग यांनी याच भावनेने हात मिळवले.

१९५६ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ‘लोकांनी लोकांशी’ संबंध जोडावेत असा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यातून अमेरिकेतली भगिनी-शहरांची संघटना उभी राहिली. त्यात शीतयुद्धाचे राजकारणही होते, हे विसरता कामा नये. आपल्या देशाविषयी जगात चांगले मत व्हावे, हा कोणत्याही सरकारचा हेतू असतोच. पण मूळ कल्पना त्याहून मोठी होती. सरकारे भांडतात, करार मोडतात. साधी माणसे एकमेकांना ओळखू लागली तर त्यांना सहजासहजी एकमेकांच्या जिवावर उठवता येत नाही, अशी ती कल्पना. कापडावर प्रत्येक बाईने स्वतःचे नाव स्वतंत्र भरले होते, याला म्हणून अर्थ आहे. तिथे ‘कॉव्हेंट्री शहर’ नावाचे कोणी एक नव्हते. नावे असलेल्या बायका होत्या.

वेगवेगळ्या भाषांनी या नात्याला वेगवेगळे शब्द दिले. ब्रिटिश आणि फ्रेंच त्याला ‘जुळी शहरे’ म्हणतात, अमेरिकन आणि जपानी ‘बहिणी’ म्हणतात, रशियन ‘भाऊ’ म्हणतात, जर्मन ‘भागीदार’ म्हणतात. आपण ‘भगिनी’ घेतले. नात्याचा शब्द उचलायला सोपा असतो, पण आपल्या समाजात नाते ही सोपी गोष्ट नाही. गावगाड्यात सोयरीक जातीच्या आत, भावकी जातीच्या आत. पाटील आणि महार एकाच शिवेत जन्मायचे, एकाच शिवेत मरायचे; मयताचा सांगावा पोहोचवायला, शिवेचा तंटा मिटवायला, जत्रेची दवंडी द्यायला गावाला महार लागायचा; तरी त्यांच्यात नाते नव्हते, बलुते होते. सात समुद्रापलीकडच्या गावाला बहीण म्हणणाऱ्याने शिवेतल्या माणसाला कधी भाऊ म्हटले होते का, हे आधी विचारायला हवे.

२

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईने ही प्रथा लवकर स्वीकारली. मुंबई आणि जपानमधले योकोहामा ही १९६५ साली भगिनी-शहरे झाली. दोन्ही बंदरे, दोन्ही शहरे परदेशी व्यापारावर वाढलेली. १९६८ साली जर्मनीतल्या स्टुटगार्टशी, १९७२ साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसशी आणि १९७७ साली दक्षिण कोरियातल्या बुसानशी असेच करार झाले. त्या काळचे लेनिनग्राड म्हणजे आजचे सेंट पीटर्सबर्ग, तेही मुंबईच्या यादीत आहे. स्टुटगार्टमध्ये २००४ पासून भारतीय चित्रपटांचा महोत्सव भरू लागला. अशा नात्यांची डोळ्यांना दिसणारी फळे बहुधा या प्रकारची असतात.

पुण्याचे जर्मनीतल्या ब्रेमेनशी नाते गेल्या शतकातल्या सत्तरीच्या दशकापासूनचे. त्याची सुरुवात महापौरांपेक्षा नागरिकांच्या गटांनी केली. औंधच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ब्रेमेन चौक माहीत असतो. तो ब्रेमेन का, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. १९९२ साली पुण्याने अमेरिकेतल्या सॅन होजेशीही करार केला. २०१३ साली महाराष्ट्र राज्य आणि जपानचा वाकायामा प्रांत यांच्यात सहकार्याचा करार झाला. वाकायामात कोयासान हे बौद्धांचे जुने तीर्थक्षेत्र आहे. तिथल्या कोयासान विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. शासकीय मैत्रीच्या वाटेने बाबासाहेब जपानच्या डोंगरावर पोहोचले, याचा आनंद कोणालाही होईल. मलाही झाला.

पण याच जपानमध्ये बुराकू नावाने ओळखला जाणारा समाज आहे. कातडी कमावणे, जनावरे कापणे, मृतांची व्यवस्था पाहणे ही कामे त्यांच्याकडे लावून दिलेली आणि त्या कामांपायी त्यांना अपवित्र ठरवलेले. १८७१ साली जपान सरकारने फर्मान काढून त्यांचा हीन दर्जा कायद्याने संपवला. लग्नात आणि नोकरीत घराण्याचा मूळ पत्ता शोधून काढणे मात्र त्यानंतरही चालूच राहिले. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे या समाजाने ‘सुईहेईशा’ ही आपली समतेची संघटना स्थापन केली. त्यानंतर पाचच वर्षांनी महाडला आपली माणसे चवदार तळ्यावर गेली. मुंबई-योकोहामा मैत्री माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. योकोहामा हे नाव मला शाळेत असताना माहीत झाले. बुराकू हा शब्द एम.ए. झाल्यानंतर ग्रंथालयातल्या एका पुस्तकात भेटला. आपल्या घराण्यात पहिल्यांदा पुस्तक हाती धरणाऱ्याला जगातले आपले भाऊबंद असे योगायोगाने सापडतात. दोन शहरांची मैत्री असूनही त्या शहरांतल्या तळच्या माणसांची ओळख होत नसेल, तर मैत्री नेमकी कोणाची झाली?

३

आता कारभाराची बाजू. भगिनी-शहर होण्यासाठी दोन शहरांत काहीतरी समान असावे लागते, जसे बंदर, विद्यापीठ, एखादा उद्योग, नदी किंवा इतिहास. एका बाजूने पत्र जाते, दुसऱ्या बाजूने उत्तर येते, शिष्टमंडळे येतात-जातात. महापालिकेच्या महासभेत ठराव होतो. तथापि, भारतातल्या महापालिकेला हे एकटीच्या बळावर करता येत नाही. परराष्ट्र व्यवहार हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीतला विषय आहे. म्हणून प्रस्ताव राज्य शासनामार्फत केंद्राकडे जातो आणि परराष्ट्र मंत्रालयाची संमती लागते. त्यानंतर दोन्हीकडचे प्रमुख सामंजस्य करारावर सह्या करतात.

हा करार दोन राष्ट्रांमधला तह नसतो. त्याने कोणावर कायदेशीर बंधन येत नाही आणि तो मोडला म्हणून कोणाला कोर्टात खेचता येत नाही. विद्यार्थी आणि शिक्षकांची देवाणघेवाण, कलापथके, खेळ, पाणीपुरवठा, कचरा, वाहतूक, आरोग्य अशा विषयांत एकमेकांकडून शिकणे, व्यापाराच्या ओळखी करून देणे, इतकेच त्यात लिहिलेले असते. ते प्रत्यक्षात आणायचे तर अंदाजपत्रकात तरतूद लागते, एक समिती लागते आणि वर्षाचा कार्यक्रम लागतो. बहुतेक ठिकाणी नेमके याच जागी घोडे अडते. महापौर बदलला की फाईल कपाटात जाते. उरतो तो एखाद्या चौकाचा नामफलक आणि एखादा समारंभाचा फोटो.

जी नाती टिकली, ती टिकण्याचे कारण शोधले तर बहुतेक ठिकाणी नागरिकांची समिती सापडते. शाळा शाळेला पत्र लिहिते, गायनमंडळ गायनमंडळाला बोलावते, पाहुणे हॉटेलात न उतरता घरात उतरतात. घरात उतरणे हा या प्रथेचा प्राण आहे आणि आपल्या देशात ती नेमकी त्याच उंबरठ्यावर अडखळते. कोणाच्या घरात कोण उतरणार?

४

माझ्या आजीच्या लेखी परगाव म्हणजे, जिथे पाणी कुठे प्यायचे हे आधी विचारून घ्यावे लागते ते गाव. परक्या गावात शिरताना ती मुक्कामाची चौकशी नंतर करायची. पहिला प्रश्न ‘आपली वस्ती कुठल्या अंगाला?’ हा असायचा. बाबासाहेबांनी आपल्या अशाच अनुभवांचे जे टिपण लिहून ठेवले, त्याचे शीर्षकच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असे आहे. व्हिसा परदेशात जाण्यासाठी लागतो. बाबासाहेबांना न्यूयॉर्कमध्ये आणि लंडनमध्ये राहायला खोली मिळाली. १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला आले तेव्हा मात्र त्यांना खोटे नाव सांगून पारशांच्या विश्रामगृहात राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. ज्या माणसाला स्वतःच्या देशातल्या शहरात शिरायला परवाना लागतो, त्याच्यासाठी ‘परके शहर’ कोणते आणि ‘आपले शहर’ कोणते? भगिनी-शहरांची सगळी कल्पना आपले शहर आपले आहे, हे गृहीत धरून उभी असते. आपल्याला ते गृहीत धरता येत नाही.

आणि शहराचा ठराव म्हणजे काय असतो, हे आपल्या जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असणार? ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा समतावादी माणूस महाडच्या नगरपालिकेत होता. ठरावाच्या भाषेत कोठे उणे काढायला जागा नव्हती. तरी तीन वर्षे एकाही अस्पृश्याची ओंजळ त्या पाण्याला लागली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला पहिल्यांदा अर्थ आला. त्यासाठी आपल्या माणसांची डोकी फुटली. ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. पुढचा दावा मुंबई उच्च न्यायालयाच्या १९३७ च्या निकालापर्यंत चालला.

नगरपालिकेच्या ठरावाला मी कमी लेखत नाही. ठराव नसता तर तळ्यावर जाणाऱ्यांच्या हाती कायद्याचा आधार नसता. ठराव दार उघडतो. दारातून आत जावे लागते ते माणसांना, आणि ठराव केलेल्यांनाच कधी कधी ते रुचत नाही. भगिनी-शहराचा करार हाही शेवटी एका नगरपालिकेचा ठरावच आहे. महाडच्या ठरावाला आपण जी कसोटी लावली, तीच त्यालाही लावावी.

५

पनवेलला भगिनी-शहर नाही असे मुले म्हणतात, तेव्हा मी त्यांना एक गोष्ट सांगतो. पनवेलमध्ये बेथ एल नावाचे सिनेगॉग आहे. ते १८४९ सालचे, म्हणजे आपल्या नगरपालिकेहून तीन वर्षांनी जुने. ते बेने इस्रायल समाजाचे. हे लोक कोकणात शेकडो वर्षे राहिले, मराठी बोलले, तेलाचा घाणा चालवून जगले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे आपल्या जिल्ह्यातल्या गावांवरून पडली. १९४८ नंतर त्यातले बहुसंख्य इस्रायलला गेले. नेगेव्हच्या वाळवंटात १९५५ साली वसवलेल्या डिमोना या गावात कोकणातून गेलेली कितीतरी कुटुंबे स्थायिक झाली. इस्रायलमधून पुढे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. आपल्या गावांचे एक भावंड असे, कोणत्याही कराराशिवाय, वाळवंटात आहे.

पण त्या माणसांचे तिथे काय झाले, ते आपण वाचायला हवे. १९५०च्या कायद्याने प्रत्येक ज्यू माणसाला इस्रायलमध्ये परतण्याचा हक्क दिला होता. कागदावर सगळे भाऊ होते. तरीही १९५१-५२ मध्ये काही बेने इस्रायल कुटुंबांनी भेदभावाची तक्रार करून, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून धरणे धरले आणि त्यातले काही परत आलेही. १९६१ च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने दंडक काढला की बेने इस्रायल माणसाचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी त्याच्या कुळाची मागे जाऊन तपासणी करावी. म्हणजे नागरिकत्व मिळाले, सैन्यात भरती मिळाली, घर मिळाले, पण लग्नाच्या मांडवात रक्त तपासले जाऊ लागले. बेने इस्रायल समाज रस्त्यावर उतरला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी आंदोलन केले. अखेर ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने, हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत, असे जाहीर केले आणि धर्मपीठाला दंडकातले त्यांचे नाव काढावे लागले.

हे वाचताना आपल्या लोकांना काही शिकवावे लागत नाही. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या १९३६ सालच्या भाषणात सांगितले होते की, सहभोजनाने जात मोडत नाही. रक्ताचे मिश्रण झाल्याशिवाय, म्हणजे आंतरजातीय विवाहाशिवाय, आपलेपणाची भावना निर्माण होत नाही. इस्रायलमध्ये प्रश्न तिथेच येऊन अडला. आणखी एक गोष्टही सांगितली पाहिजे. कोकणात असताना खुद्द बेने इस्रायल समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. ज्यांच्या कुळात बाहेरची बाई आली असे मानले जाई, ते ‘काळे’. त्यांच्याशी बेटीव्यवहार नसे. जातीच्या हवेत राहिलेला समाज ती हवा छातीत भरून घेतो आणि दुसऱ्या देशात जाऊन तोच भेद त्याच्या अंगावर येतो. डिमोनाशी मैत्री करायची झाली तर ती हा सगळा इतिहास मांडून करावी. आणि त्या भूमीतून विस्थापित झालेल्या पॅलेस्टिनी माणसांचा, नेगेव्हमधल्या बदाऊनांचा प्रश्न बाजूला सारूनही करू नये. ज्या गावाशी मैत्री करायची, त्या गावाच्या वेशीबाहेर कोण आहे, हे विचारणे आपले काम आहे.

६

वेशीबाहेरच्यांनी वेशीबाहेरच्यांशी केलेल्या मैत्रीचे उदाहरण हंगेरीत सापडते. हंगेरीच्या ईशान्य भागात शायोकाझा नावाचे गाव आहे. तिथे २००७ पासून रोमा मुलांसाठी एक शाळा चालते. तिचे नाव डॉ. आंबेडकर यांच्यावरून ठेवले आहे.

रोमा म्हणजे ज्यांना युरोपात हिणवून ‘जिप्सी’ म्हणतात ते लोक. हजारएक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून निघाले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले आहे. त्यांच्या भाषेत दोनला ‘दुई’, तीनला ‘त्रिन’ म्हणतात. पाण्याला ‘पानी’च म्हणतात. नाझींनी लाखो रोमांची कत्तल केली. युद्धानंतरही त्यांच्या मुलांना मतिमंदांच्या शाळांत घालण्याची रीत पूर्व युरोपात चालू राहिली. नोव्हेंबर २००७ मध्ये चेक प्रजासत्ताकाविरुद्ध आणि जानेवारी २०१३ मध्ये हंगेरीविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल देऊन हा भेदभाव ठरवला. गावाबाहेर वस्ती, वेगळी शाळा, वेगळा बाक, ‘ही मुले शिकणारी नव्हेतच’ हा शेरा. आपल्यापैकी कोणाला हे वर्णन परके वाटेल?

यानोश ओर्शोश आणि तिबोर देर्दाक या दोन शिक्षकांना बाबासाहेब एका पुस्तकातून भेटले. ते महाराष्ट्रात आले, इथल्या बौद्ध वस्त्यांत राहिले, जयंतीच्या मिरवणुका पाहिल्या. परत जाऊन त्यांनी शाळा काढली आणि आपल्या संघटनेला ‘जय भीम’ हे नाव दिले. २०१६ च्या भीमजयंतीला त्या शाळेत इथून गेलेला बाबासाहेबांचा अर्धपुतळा बसला. हे नाते महापौरांच्या करारातून आलेले नाही. कोयासानचा पुतळा शासनाने पोहोचवला, याची नोंद मी वर आनंदानेच केली. शायोकाझाचा पुतळा मात्र गरजेने पोहोचवला. शाळेतून बाहेर ढकललेल्या मुलाला आपण शिकू शकतो हे पटवून देण्यासाठी त्या शिक्षकांना एका माणसाचे चरित्र हवे होते, आणि ते त्यांना आपल्याकडे मिळाले.

या मार्गाचा आपल्याकडचा इतिहास जुना आहे. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी डॉ. डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन देत होते त्याची प्रत मागवली. आपल्यालाही तसेच पाऊल उचलता येईल का, हा विचार त्यामागे होता. १९७२ साली मुंबईच्या झोपडपट्टीत आणि बीडीडी चाळीत वाढलेल्या तरुणांनी, ओकलंडमध्ये १९६६ साली निघालेल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन दलित पँथर उभी केली. त्यांतल्या बहुतेकांनी ओकलंड पाहिलेले नव्हते. दुःखाची ओळख पटायला पासपोर्ट लागत नाही. मात्र ओळख पटल्यावर ती टिकवायला पत्रे लागतात, भाषांतरे लागतात, प्रवासखर्च लागतो. नेमक्या याच गोष्टी आपल्याकडे नसतात आणि महापालिकेकडे असतात. म्हणूनच भगिनी-शहर ही वरच्यांची चैन आहे असे म्हणून आपण तिकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही. ते कर आपणही भरतो.

७

उद्या पनवेल महापालिकेने असा करार करायचा ठरवला, तर कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी काय मागावे? माझ्या मते चार गोष्टी.

पहिली, समितीची. नागरिकांची समिती नेमताना बौद्ध वस्त्या, सफाई कामगारांच्या वसाहती, कातकरी वाड्या आणि मूळ गावठाणे यांचे लोक तिच्यात असलेच पाहिजेत. उद्योजक, बिल्डर आणि नगरसेवक यांची समिती म्हणजे शहर नव्हे.

दुसरी, प्रवासाची. घनकचरा आणि मलनिःसारण पाहायला परदेशी शिष्टमंडळ जाणार असेल, तर त्यात रोज गटाराच्या तोंडाशी उभा राहणारा कामगार असावा. २०१३ च्या कायद्याने माणसाकडून हाताने मैला उचलून घेण्यास बंदी आहे, तरी गटारात उतरून माणसे मरायची थांबलेली नाहीत. यंत्राने गटार कसे साफ होते, हे स्टुटगार्टला किंवा योकोहामाला जाऊन ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तो परत आल्यावर मुकादमाला जो प्रश्न विचारील तो कोणताही अधिकारी विचारणार नाही. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीतही महापालिकेच्या शाळेतली मुले आधी जावीत.

तिसरी, विषयाची. करारात संस्कृती या नावाखाली लेझीम आणि पुरणपोळी एवढेच जाऊ नये. पाणी कोणाला किती मिळते, शाळेतून कोण गळते, घर भाड्याने देताना आडनाव का विचारतात, हे विषय दोन्ही शहरांनी एकमेकांसमोर मांडावेत. आपली लाज दाखवायची म्हटल्यावर मैत्री बिघडेल, अशी भीती काहींना वाटेल. कॉव्हेंट्री आणि ड्रेस्डेन यांची मैत्री तर एकमेकांनी केलेल्या विध्वंसाचीच आठवण ठेवून झाली.

चौथी, उतरण्याची. येणाऱ्या पाहुण्यांपैकी काही पाहुणे आपल्या वस्त्यांतल्या घरांत उतरावेत. घर लहान असेल, नळाला पाणी ठराविक वेळेलाच येत असेल, तरी चालेल. शहर म्हणजे काय, ते पाहुण्याला तिथेच कळेल. आणि वस्तीतल्या पोरांना कळेल की जगातून माणूस आपल्या घरी जेवायला येतो.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे. करुणा माणसापुरती, मैत्री त्याहून व्यापक, सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाणारी. मला त्यातून आणखी एक अर्थ लागतो. करुणा वरून खाली येऊ शकते, मैत्री समपातळीवरच शक्य असते. युरोपच्या शहराने आपल्या वस्तीला मदत पाठवली तर ती आपण नाकारू नये, पण तिला मैत्री म्हणू नये. आपल्याकडेही त्यांना देण्यासारखे काहीतरी आहे, हे ज्या दिवशी दोन्ही बाजूंना कळते, त्या दिवशी मैत्री सुरू होते. शायोकाझाच्या शिक्षकांनी आपल्याकडे पैसा मागितला नव्हता, विचार मागितला होता.

महापालिका ठराव करील तेव्हा करील. पण महाविद्यालयाने महाविद्यालयाला, वाचनालयाने वाचनालयाला पत्र लिहायला ठराव लागत नाही. आमच्या वर्गातल्या मुलांना मी यंदा एक काम दिले आहे. चवदार तळ्याची हकिकत त्यांनी आपल्या शब्दांत, दोन पानांत, मराठीत लिहायची. इंग्रजी भाषांतर आम्ही दोघे-तिघे शिक्षक मिळून करू आणि ते शायोकाझाला पाठवू. ज्यांच्या भाषेत पाण्याला पानीच म्हणतात, त्यांना ती समजावून सांगताना तळटीप फारशा लागणार नाहीत.